काय गं रे, कोणाची तू?

आमच्या सोनपेठात माणसाला आधी नाव विचारण्याची पद्धत नाही. नाव ही फार पुढची गोष्ट. पहिला प्रश्न असतो, "कोणाचा?" त्याचं समाधानकारक उत्तर मिळालं, की दुसरा, "म्हणजे कोण्या गल्लीतले?" मग तिसरा, "तुमची एक आत्या परळीला दिलेली होती, तेच का तुमी?" या तीन प्रश्नांतून सुखरूप बाहेर पडलेल्या माणसाला चहा मिळतो. नाव चहानंतर, तेही आठवण राहिली तर.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. चोवीस वर्षं बँकेत कारकुनी करतो आहे. गावातल्या निम्म्या लोकांची पासबुकं माझ्या हातून गेलेली आहेत. तरी गावाच्या दप्तरी माझी नोंद 'मास्तरांचा दोन नंबरचा' अशीच आहे. मास्तरांना जाऊन पंधरा वर्षं झाली. एक नंबरचा पुण्याला स्थायिक झाला, त्यालाही वीस वर्षं झाली. गावात उरलो मी एकटा. पण नंबर काही वर सरकत नाही. बँकेतल्या बढतीचंही माझं तसंच आहे, ते सोडा.

या प्रश्नातून साधुसंतसुद्धा सुटत नाहीत. पाथरी आमच्याच जिल्ह्यातली. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीचा विकास करायचं जाहीर केलं मात्र, १९ तारखेला तिकडे शिर्डी बंद! ज्या फकिरानं आपण कोण, कुठले, याबद्दल कधी फारसं कुणाला सांगितलं नाही, त्याला समाधी घेऊन शंभर वर्षं उलटल्यावरही आम्ही विचारतोच आहोत: बाबा, तुम्ही कोणाचे?

तर अशा आमच्या घरात, २०१५ साली नाताळच्या सुट्टीत, माझा पुतण्या पुण्याहून एक बिनआईबापाची पोरगी घेऊन आला.

घाबरू नका. पोरगी सिनेमातली होती. 'स्टार वॉर्स' नावाची अंतराळातली एक लांबलचक गाथा आहे. पहिला सिनेमा १९७७ सालचा. तिचा नवा भाग तेव्हा नुकताच लागला होता. पुतण्या अकरावीला. त्यानं तो चार दिवसांत दोनदा पाहिला आणि सोनपेठात येऊन आम्हाला दहादा सांगितला.

त्यातली नायिका एका वाळवंटी ग्रहावर एकटी राहते. लहान असताना आईबाप तिला तिथं ठेवून निघून गेले. का गेले, कुठं गेले, कुणाला ठाऊक नाही. ती मोडक्या विमानांतलं भंगार वेचते आणि भंगारवाल्याकडं देऊन त्याच्या बदल्यात जेवणाची पुडकी घेते. एकदा तो अख्खं पुडकंसुद्धा देत नाही, पावच देतो.

"भंगारवाला सगळीकडं मापात मारतोच," आई निवडता निवडता म्हणाली.

"आणि आजी, आईबाप येतील म्हणून ती रोज भिंतीवर एक रेघ मारते."

आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर दुधाच्या रेघा आहेत. सगळ्यांनी एकदा तिकडं पाहिलं.

"नाव काय म्हणलास पोरीचं?"

"रे."

आईनं सूप खाली ठेवलं. "रे? अरे, पोराला रे म्हणतात, पोरीला गं. तिला हाक कशी मारायची? काय गं रे?"

तेव्हापासून त्या बाईचं आमच्या घरातलं नाव 'गंरे' पडलं, ते आजतागायत.

आता आईबाप नसलेली मुलगी म्हटल्यावर आमचं घर गप्प बसेल, हे शक्यच नव्हतं. पण पुतण्याचं म्हणणं, जगभर लाखो लोक हेच शोधायला बसलेत. त्याला ते थिअरी म्हणतात. मला तर हा शब्द ऐकून भरून आलं. आमच्या गावात ज्याला नुसत्या चांभारचौकशा म्हणतात, त्याला इतकं प्रतिष्ठित नाव आहे, हे आधी कळतं तर मीही काही तरी होऊन दाखवलं असतं.

पहिली थिअरी: ती ल्यूक स्कायवॉकरची मुलगी. पुरावा: त्याची तलवार बर्फातून उडून आपण होऊन तिच्या हातात आली. आईला हे तत्काळ पटलं. "वस्तू घरातली असल्याबिगर हातात बसत नाही."

दुसरी: ती हान सोलो आणि लेया यांची मुलगी, म्हणजे खलनायकाची सख्खी बहीण. पुरावा: हानचं विमान तिला पहिल्याच झटक्यात चालवता आलं. यावर आमच्या सौ.ने हरकत घेतली. "शेवटी लेया तिला मिठी मारते ना? मग स्वतःच्या पोरीला ओळखत नाही? तुम्हा पुरुषांना काही कळतच नाही." थिअरी तिथंच निकालात निघाली.

तिसरी: ती ओबी-वान केनोबी या जुन्या गुरूची नात. पुरावा: तलवारीला हात लावताच तिला त्याचा आवाज ऐकू आला, आणि तिचे उच्चारही त्याच्यासारखेच. हे मला बरं वाटलं. बोलण्यावरून माणूस परभणीकडचा की बीडकडचा, हे आम्हीही सांगतो.

चौथी सगळ्यांत भयंकर: ती दुष्ट सम्राट पाल्पटीनची नात. पुरावा काय, तर ती तलवार भोसकते त्याच पद्धतीनं. पुतण्यानं मोबाईलवर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. असं बघायला गेलं तर आमचे रोखपाल शिक्का आपटतात तो थेट माझ्या सासऱ्यांसारखा. पण मी काही बोललो नाही.

मी आपला बँकेचा माणूस. मी विचार केला वारसाहक्काच्या अंगानं. माझा चोवीस वर्षांचा अनुभव असा, की माणसाला वारस तेव्हाच फुटतात, जेव्हा मागे काही शिल्लक असतं. रिकाम्या खात्याला कधी कुणी पुतण्या निघालेला मी पाहिला नाही. इथं ल्यूकची शिल्लक काय? एक तलवार. तीही वर्षानुवर्षं एका पेटीत पडून. आमच्याकडे दहा वर्षं खात्याला कुणी हात लावला नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. तेव्हा आधी वारसाचा दाखला आणा, मग तलवारीला हात लावा, असं माझं स्वच्छ मत पडलं. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही सिनेमा बघत नाही, फाईल बघता."

मग त्यानं सांगितलं, की या गाथेला हा रोग पहिल्यापासूनच आहे. ल्यूकलाही आपला बाप कोण ते १९८० सालच्या भागात कळलं, तेही हात तुटल्यावर, खुद्द शत्रूच्या तोंडून. आणि लेया आपली जुळी बहीण आहे, हे १९८३ साली.

"कर्णाला तरी कुठं वेळेवर सांगितलं?" आई म्हणाली. "लढाई तोंडावर आल्यावरच कळलं की त्या लेकराला."

आईचं माहेर गंगाखेड. लहानपणापासून तिच्या कानांवर कीर्तनं पडलेली. पुतण्या आपल्या चार थिअऱ्यांचा फार तोरा मिरवायला लागला, तेव्हा तिनं त्याला विचारलं, "सीता कोणाची रे?"

"जनकाची."

"जनकाला सापडली. नांगराच्या तासात. कोणाची ते सांग."

पुतण्या गप्प. आणि मग माझ्या लक्षात आलं, की हा उद्योग आमच्याकडे हजार वर्षांपासून चालू आहे. वाल्मीकींनी सीतेला जमिनीतून वर काढलं आणि विषय संपवला. सीता या शब्दाचा अर्थच मुळी नांगराचा तास. पण ऐकणाऱ्यांचं समाधान होतंय कुठलं! अद्भुत रामायणानं तिला मंदोदरीच्या पोटी घातलं. नवव्या शतकातल्या गुणभद्र या जैन आचार्यांच्या उत्तरपुराणात ती सरळ रावणाचीच मुलगी. आनंद रामायणात ती पद्माक्ष राजाकडून अग्नीत, अग्नीतून रत्नांच्या रूपानं रावणाच्या पेटीत, पेटीतून लंकेत आणि लंकेतून मिथिलेच्या जमिनीत अशी फिरून येते. एवढा प्रवास आमच्याकडे बदलीच्या अर्जालासुद्धा करावा लागत नाही.

म्हणजे रावणाची मुलगी सीता आणि पाल्पटीनची नात गंरे, ही थिअरी एकच. चांगली मुलगी वाईटाच्या घरची निघाली, की ऐकणाऱ्याला अंगावर काटा हवा असतो तो मिळतो.

अशी दोन वर्षं मजेत गेली. डिसेंबर २०१७ मध्ये पुढचा भाग आला आणि पुतण्याचा पडेल आवाजात फोन आला.

"काका, ती कुणाचीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणी मोठं नाहीच. आईबाप भंगारवाले होते. दारूसाठी तिला विकली आणि तिथंच कुठंतरी मरून गेले. खलनायक तोंडावर सांगतो तिला."

घरात सुतकी शांतता पसरली. दोन वर्षं राबून चार घराणी उभी केली, आणि अर्ज एका ओळीत नामंजूर! बँकेत रोखपालांनाही मी बातमी दिली. तेही हळहळले. खूश झाली ती फक्त आमची धाकटी. ती तेव्हा बारा वर्षांची होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "तलवार चालवायला कुणाची तरी असायलाच पाहिजे का?"

आईनं तिचीच बाजू घेतली. "आमची जनी बघ की. गंगाखेडची. बाप दमा, आई करुंड. लहानपणीच पंढरपूरला नामदेवाच्या घरी आली, दळण-कांडण केलं. पण अभंगाखाली बापाचं नाव लावती का? आपल्याला नामदेवाची म्हणवती. आता जनाबाई कोणाची असं कोण विचारतंय?"

मी मान डोलावली. अशा वेळी मान डोलावायला काही लागत नाही.

त्यानंतर दीड वर्षानं, जून २०१९ मधली गोष्ट. आमच्या काउंटरवर एक मुलगी आजीला घेऊन आली. नुकतीच बारावी झालेली. नर्सिंगला जायचं होतं, शिष्यवृत्तीसाठी खातं हवं होतं. प्रवेशाचे दिवस, रांग दारापर्यंत, आणि पंखा बंद. मी अर्ज भरायला घेतला. टी.सी.वर बापाचं नाव होतं, आधारकार्डावर होतं. मला अधिक काही विचारायचं कारणच नव्हतं. पण जित्याची खोड. लिहिता लिहिता मी म्हणालो, "कोणाची गं तू? वडील काय करतात?"

मुलगी काही बोलली नाही. आजी म्हणाली, "लिव्हा की सायेब, कागदावर हाय त्ये."

"लिहितोय हो आजी. पण असतात कुठं?"

मी विचारलं ते मुलीला, उत्तर दिलं रांगेनं.

आमच्याकडून दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला टोळ्या जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवराबायकोनं जोडीनं जायचं. जोडीला आमच्याकडे 'कोयता' म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात चार-सहा महिने काढायचे. शाळेतली लेकरं आजीजवळ ठेवायची. हंगाम संपला की टोळ्या परत येतात. या मुलीच्या घरचा कोयता एका वर्षी अर्धाच परत आला. आई आली ती आजारी होऊन, आणि पुढं फार दिवस राहिली नाही. बाप आलाच नाही.

हे मला रांगेतून कळलं. आणि तिथून थिअऱ्या सुरू झाल्या. एक जण म्हणाला, त्यानं तिकडं दुसरा संसार थाटला. पुरावा: त्याच्या मेव्हण्याला तो बेळगावच्या स्टँडवर दिसला होता. दुसरा म्हणाला, छे, उचल बुडवली म्हणून तोंड लपवून फिरतोय. तिसऱ्यानं सांगितलं, तो केव्हाच मेला, ट्रॅक्टर उलटला त्यात. पहिला म्हणाला, मग मेव्हण्याला दिसला तो कोण? वाद रंगात आला. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. आवाजसुद्धा आमच्या घरातल्यासारखेच होते, आईच्या सुपापाशी बसून बोलतात तसे.

मुलगी काउंटरच्या काचेकडं बघत उभी होती. काचेपलीकडं मी होतो, पण ती माझ्याकडं बघत नव्हती.

चार वर्षं मी गंरेच्या आईबापांवर बोलत होतो. तिला कसं वाटत असेल, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ती सिनेमातली, तिला काही वाटायचं कारण नव्हतं, हे खरं. पण हिला होतं. आणि रांगेला तोंड मी फोडलं होतं.

"गप्प बसा हो सगळे, बँक आहे ही," असं मी ओरडलो. त्याचा उपयोग एवढाच झाला, की सगळ्यांनी माझ्याकडं आश्चर्यानं पाहिलं. चोवीस वर्षांत तिथं कुणाला गप्प बसवलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

मी घाईघाईनं नमुना सहीचं कार्ड पुढं सरकवलं. तिनं सावकाश सही केली. मी पाहिलं. पहिलं नाव तिचं. पुढं बापाचं नाव नाही, आडनाव नाही. पुढं होतं आजीचं नाव. आजीनं अर्जावर साक्षीला अंगठा दिला होता, त्याच्यावरून ते माझ्या ध्यानात आलं.

"अशी नाही," मी सवयीनं म्हणालो. "पूर्ण नावाची कर."

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "सर, सही माझी मी ठरवायची असते ना?"

आता नियम विचाराल तर मुलीचं बरोबर होतं. नाव कागदावर असेल तेच लिहावं लागतं. पण सही ही ज्याची त्याची. तीत बाप असलाच पाहिजे असं कुठंही म्हटलेलं नाही. अंगठासुद्धा चालतो, त्याच्यावर कुठं बापाचं नाव असतं? बँकेचं सहीबाबत म्हणणं इतकंच: कशी का असेना, दरवेळी तीच असली पाहिजे.

"असते," मी म्हणालो, आणि कार्ड ठेवून घेतलं.

घरी मी हे कुणाला सांगितलं नाही. त्या रात्री पुतण्याचा फोन आला. शेवटच्या भागाची जाहिरात आली होती आणि त्यात दुष्ट सम्राटाचं हसू ऐकू येत होतं, म्हणून नवी थिअरी निघाली होती. मी फोन धाकटीकडं दिला आणि गच्चीवर जाऊन बसलो.

२० डिसेंबर २०१९ रोजी तो शेवटचा भाग लागला. गंरे शेवटी पाल्पटीनचीच नात निघाली! आईबापांनी म्हणे तिला विकली ती दारूसाठी नव्हे, आजोबापासून लपवण्यासाठी. पुतण्या जिंकल्यासारखा नाचत होता. धाकटी मात्र चिडली. "म्हणजे शेवटी मोठ्या घरचीच! दोन वर्षं ती आपल्यासारखी होती." पुढं २०२० साली गंरेचं काम करणाऱ्या डेझी रिडलेनंच सांगून टाकलं, की ती कोणाची हे करणाऱ्यांचंच मधे मधे बदलत होतं, एकदा केनोबीशीही नातं जोडायचं चाललं होतं. म्हणजे आम्ही इकडे पुरावे गोळा करत होतो, आणि तिकडं मंजुरी देणाऱ्यांनाच प्रकरण ठाऊक नव्हतं. हा अनुभव मात्र मला नवीन नाही.

पण त्या सिनेमाचा शेवट मला पटला. सगळं संपल्यावर गंरे ल्यूकच्या जुन्या, ओसाड घरी येते. तिथून एक म्हातारी चाललेली असते. ती थांबते आणि विचारते, कोण गं तू? ही म्हणते, रे. म्हातारीचं समाधान होत नाही. रे कोण? पुढचं नाव सांग.

"ही म्हातारी सोनपेठची दिसती," आई म्हणाली.

गंरे जरा वेळ थांबते. लांब पाहते. तिला आजोबाचं नाव सांगता आलं असतं. खरं तेच होतं. पण ज्यांनी तिला शिकवलं, जवळ केलं, त्यांचं नाव ती सांगते. रे स्कायवॉकर. पुतण्याला हे अजिबात पटलं नाही. रक्ताचा संबंध नसताना हे नाव कसं लावता येईल, असं तो तावातावानं विचारायला लागला.

"सही आहे ती," मी म्हणालो. "ज्याची त्यानं ठरवायची असते."

धाकटीनं माझ्याकडं चमकून पाहिलं. मी बँकेतलं इतकं चांगलं काही बोलेन, अशी तिची अपेक्षा नव्हती.

आता रकाने थोडे सुधारलेत. २०१८ च्या डिसेंबरपासून एकट्या आईच्या मुलाला पॅनकार्डासाठी वडिलांचं नाव द्यावंच लागतं असं राहिलं नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव घातलं: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. आजीला अजून रकाना नाही. तिची सोय सहीतच करावी लागते.

ती मुलगी आता नर्स आहे. सुट्टीत गावी आली की आमच्या शाखेत येते, आजीसाठी पैसे काढते. मी खातं उघडतो, पडद्यावर नमुना सही येते, स्लिपवरची सही मी तिच्याशी ताडून बघतो. इतकी वर्षं झाली, एका वेलांटीचा फरक नाही.

गेल्या खेपेला तिच्या मागं एक फेटेवाले आजोबा उभे होते. त्यांनी तिला खालून वर न्याहाळलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "का गं माय, कोणाची तू?"

"बाबा," मी काचेतून म्हणालो, "तुमचं पासबुक द्या इकडं."